दुबळी प्रतिकारशक्ती आणि यकृताचे विषाणू

मराठीत आपण ज्याला कावीळ म्हणतो ते खरे पाहता रोगाचे नाव नव्हे, ते एका लक्षणाचे नाव आहे. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा पडला, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, की शेजारपाजारचे लोकही निदान करून मोकळे होतात. तांबड्या रक्तपेशी जुन्या होऊन मोडतात तेव्हा त्यांतून एक पिवळे द्रव्य निघते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकीत असते. यकृताचे काम बिघडले म्हणजे ते रक्तातच साचते आणि कातडीवर दिसू लागते. एवढाच त्या पिवळेपणाचा अर्थ. यकृत दारूने बिघडले, औषधाने बिघडले, पित्तनलिकेत खडा अडकल्याने की विषाणूमुळे, हे रंग सांगत नाही. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, यकृतात विषाणूने ठाण मांडले म्हणजे अंग पिवळे झालेच पाहिजे असे मुळीच नाही.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो याच दुसऱ्या गोष्टीचा. कर्करोगावर उपचार घेणारे, मूत्रपिंडरोपण झालेले, डायलिसिसवर असलेले, एचआयव्हीबाधित, संधिवातासाठी किंवा दम्यासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, अशा ज्या लोकांची प्रतिकारशक्ती रोगाने अथवा औषधाने दुबळी झालेली असते, त्यांच्या शरीरात यकृताचे विषाणू निराळ्याच तऱ्हेने वागतात. विषय वैद्यकाचा आहे, हे खरे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात कशाला पडावे, असेही कोणी विचारील. परंतु असे एखादे माणूस आज बहुतेक घरांत किंवा नात्यात असते, आणि दवाखान्याचे इंग्रजी कागद घरच्यांना वाचून दाखविण्याचे काम बहुधा आपल्याच वाट्याला येते. त्या कागदावर कोणत्या ओळी असाव्यात, हे ठाऊक असलेले बरे.

यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच. इंग्रजी मुळाक्षरांवरून त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावे मिळाली आहेत. ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात, पावसाळ्यात गावेच्या गावे आजारी पाडतात आणि बहुधा काही आठवड्यांत निघून जातात. बी आणि सी हे रक्तातून पसरतात. न उकळलेली सुई, न तपासलेले रक्त, बाधित आईकडून बाळाला, आणि बी च्या बाबतीत लैंगिक संबंधातूनही. हे दोन वर्षानुवर्षे शरीरात राहू शकतात व पुढे यकृत आकसते किंवा त्याचा कर्करोग होतो. डी हा परपोषी. बी असल्याशिवाय तो जगूच शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांत बी आणि ५ कोटी लोकांत सी विषाणू होता. त्यांपैकी भारतातील वाटा अनुक्रमे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि ५५ लाख. बी असलेल्यांपैकी आपल्याला तो आहे हे जगभरात शंभरांत केवळ तेरा जणांना माहीत होते.

बी विषाणूचा शोध कसा लागला, ही हकीकत या विषयाच्या अगदी गाभ्याशी नेणारी आहे. म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. बरूच ब्लूमबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ काविळीच्या मागे लागलेलेच नव्हते. निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तात कोणते आनुवंशिक फरक असतात, याचा ते अभ्यास करीत होते. ज्या रोग्यांना वारंवार दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात परक्या द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. म्हणून हिमोफिलियाच्या रोग्यांचा रक्तद्रव घेऊन जगभरातून आणलेल्या नमुन्यांशी तो ते ताडून पाहात. असाच एक नमुना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाचा होता. त्यात अमेरिकन रोग्याच्या प्रतिपिंडाशी जुळणारे एक अनोळखी प्रथिन सापडले. त्याला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ हे नाव पडले आणि १९६५ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. हार्वे आल्टर हे त्या कामातील त्यांचे सहकारी.

आता गंमत पाहा. हे प्रथिन निरोगी अमेरिकन माणसांत क्वचितच सापडे. परंतु रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांत ते बऱ्याच प्रमाणात दिसे. साहजिकच प्रश्न पडला, हे प्रथिन रक्ताच्या कर्करोगाची पूर्वसूचना तर नव्हे? डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना रक्ताचा कर्करोग होण्याचा संभव अधिक असतो, हे माहीत होते. म्हणून संस्थांत ठेवलेल्या अशा मुलांचे रक्त तपासले, तर तेथेही ते मुबलक. अंदाज खरा ठरला असे वाटत असतानाच १९६६ मध्ये असा एक रोगी आढळला की ज्याच्या रक्तात पूर्वी हे प्रथिन नव्हते आणि आता होते. आनुवंशिक गुण असा मध्येच उगवत नाही. त्याची कसून तपासणी केली तेव्हा त्याला यकृताची सूज आली असल्याचे निष्पन्न झाले. ते प्रथिन म्हणजे एका विषाणूचे वरचे कवच होते. रक्ताचा कर्करोग असलेल्यांना वारंवार रक्त दिले जाई, त्यातून विषाणू शिरे. आणि त्यांची प्रतिकारशक्ती क्षीण असल्यामुळे तो बाहेर न जाता तेथेच राही. प्रथिन कर्करोगाचे कारण नव्हते. रोग्याच्या दुबळेपणाची ती खूण होती. निरोगी माणूस हा विषाणू काही महिन्यांत पुसून टाकतो, म्हणूनच तो निरोगी माणसांत दिसत नव्हता. दुबळी माणसे जगात नसती तर हा शोध कदाचित आणखी पुष्कळ वर्षे लांबला असता, असे मला वाटते. ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

याच मंडळींनी १९६९ मध्ये अमेरिकेतील एका डायलिसिस विभागातील साथीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडे निकामी झालेले रोगी आणि त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी, दोघांनाही एकाच ठिकाणी एकाच विषाणूची बाधा झाली होती. कर्मचारी चांगलेच आजारी पडले, त्यांना कावीळ झाली, आणि बरे झाल्यावर त्यांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला. रोग्यांना मात्र फारसे काही झाले नाही. ना पिवळेपणा, ना ताप. परंतु विषाणू त्यांच्या रक्तात महिनोन्‌महिने तसाच राहिला. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, रोगी सुटले आणि परिचारिका सापडल्या. वस्तुस्थिती नेमकी उलट होती.

असे का व्हावे? याचे कारण असे की बी विषाणू स्वतः यकृताच्या पेशीला सहसा मारीत नाही. तो तिच्यात शिरतो, तिच्याच सामग्रीवर आपल्या प्रती काढतो आणि पेशी जिवंत ठेवतो. पेशी मारतात त्या आपल्याच रक्तातील टी पेशी. बाधित पेशी ओळखून त्या तिच्यावर तुटून पडतात. घरात शिरलेल्या चोरासाठी घरच पेटवून द्यावे तसा हा प्रकार. त्या आगीचा धूर म्हणजे कावीळ. मोठ्या माणसाची प्रतिकारशक्ती धडधाकट असली तर ती आग काही आठवड्यांत विषाणूला संपविते आणि यकृताची उत्तम पुनर्निर्मितिक्षमता असल्यामुळे ते भरून येते. म्हणजे विषाणूजन्य कावीळ दिसण्यासाठीसुद्धा शरीरात झगडण्याइतका जोर लागतो. ज्याच्यात तो नाही त्याच्या यकृतात शांतता असते, आणि ती शांतता विषाणूच्या सोयीची असते.

तान्ह्या मुलाचे उदाहरण घेतले म्हणजे हे लगेच पटेल. जन्माच्या वेळी आईकडून बी विषाणू मिळालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. मोठेपणी बाधा झालेल्या शंभर जणांपैकी पाचांहून कमी लोकांत तो टिकतो. बाळ रडत नाही, पिवळे पडत नाही, नीट वाढते, कारण त्याची प्रतिकारशक्ती अजून शत्रू ओळखावयास शिकलेली नसते. तीस-चाळीस वर्षांनी त्याचे यकृत आकसते तेव्हा कारण शोधणाऱ्याला बाळंतपणाच्या खोलीपर्यंत मागे जावे लागते. म्हणूनच या लसीचा पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यावयाचा असतो.

येथवर जे सांगितले ते नव्याने लागण होणाऱ्यांविषयी. परंतु आपल्याकडे अधिक मोठा धोका निराळा आहे, तो जुन्या विषाणूचा. बी विषाणूची बाधा बरी झाली असे आपण म्हणतो तेव्हा तो रक्तातून गेलेला असतो, यकृतातून नव्हे. त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा एक बंदिस्त गोल पेशीच्या केंद्रकात पडून राहतो. प्रतिकारशक्तीचा पहारा जागता असेतो तो डोके वर काढीत नाही. माणसाला तरुणपणी कधी तरी कावीळ झालेली असते, किंवा झालेली कळलेलीही नसते. चाळीस वर्षे कशाचाच पत्ता नसतो. मग त्याला दुसराच एखादा रोग होतो, त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होतात, आणि पहारेकरी झोपला की आतला कैदी उठतो.

यातील घातक गोष्ट म्हणजे वेळ. औषधे चालू असताना विषाणू भराभर वाढतो, पण त्याला विरोध करणारे कोणी नसल्यामुळे रोगी ठीक दिसतो. औषधे थांबतात, प्रतिकारशक्ती परत येते, आणि तिला दिसते ते विषाणूने खचाखच भरलेले यकृत. ती एकदम चाल करून जाते. यकृताचा मोठा भाग काही दिवसांत निकामी होऊ शकतो. म्हणजे मूळ रोगाचा उपचार यशस्वी झाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, त्यानंतर हे घडते. लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर आणि काही प्रकारच्या संधिवातावर दिले जाणारे रिटुक्सिमॅब हे औषध या बाबतीत सर्वांत कुप्रसिद्ध आहे, कारण प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशीच ते नष्ट करते. त्याचा परिणाम शेवटच्या मात्रेनंतर वर्षभर आणि त्याहूनही पुढे राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये या औषधाच्या वेष्टनावर ठळक चौकटीत हा इशारा छापावयास लावला.

आमच्या आत्याच्या यजमानांच्या बाबतीत हेच घडले. लसिकाग्रंथींचा कर्करोग बरा झाला म्हणून घरी सत्यनारायण झाला. त्यानंतर आठ महिन्यांनी त्यांची भूक गेली. कोणी वायू म्हणाले, कोणी औषधांची उष्णता म्हणाले, एका नातेवाइकाने काढा आणून दिला. डोळे पिवळे झाले तेव्हा रक्त तपासले आणि बी विषाणू मोठ्या संख्येने निघाला. उपचारांपूर्वी ज्या रुग्णालयात त्यांची तपासणी झाली होती तेथील कागद आम्ही काढून पाहिले. विषाणूच्या कवचाची तपासणी केलेली होती आणि ती ‘नाही’ आली होती. दुसरी तपासणी केलेलीच नव्हती. विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्यावर चार महिन्यांनी ते सावरले. सगळेच सावरत नाहीत.

ही दुसरी तपासणी कोणती, ते आता नीट सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा बाळंतपणापूर्वी आपल्याकडे सर्रास केली जाते ती एचबीएसएजी. म्हणजे विषाणूचे कवच, ब्लूमबर्ग यांचे तेच ऑस्ट्रेलिया प्रतिजन, आज रक्तात आहे काय एवढेच ती सांगते. विषाणू पूर्वी कधी येऊन गेला होता काय, हे तीवरून कळत नाही. त्यासाठी अँटी-एचबीसी ही तपासणी लागते. विषाणूच्या गाभ्याविरुद्ध तयार झालेली ही प्रतिपिंडे सहसा जन्मभर राहतात. लस घेतलेल्याच्या रक्तात ती नसतात, कारण लशीत गाभा नसतो, कवचच असते. म्हणून ही प्रतिपिंडे सापडली की खरा विषाणू या शरीरातून गेलेला आहे, असे समजावे. तिसरी तपासणी अँटी-एचबीएस. तिच्यावरून संरक्षण किती आहे ते कळते. जोराचे प्रतिकारदमन सुरू करण्यापूर्वी पहिल्या दोन तरी झालेल्या असाव्यात. खर्च फार नाही. कर्करोगाच्या एका इंजेक्शनाशी तुलना केली तर नगण्य.

तपासणीत जुना विषाणू आढळला म्हणून मूळ उपचार सोडावा लागत नाही. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर यांची गोळी आधीपासून सुरू करतात आणि मूळ औषध संपल्यानंतरही चालू ठेवतात. रिटुक्सिमॅबसारख्या औषधानंतर ती निदान वर्षभर, पुष्कळ तज्ज्ञांच्या मते दीड वर्ष घ्यावी लागते. सगळ्याच औषधांचा धोका सारखा नसतो. सांध्यात एकदा घेतलेल्या इंजेक्शनाने किंवा दम्याच्या फवाऱ्याने सहसा काही होत नाही. परंतु प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रमाणात चार आठवड्यांहून जास्त दिवस घेतले आणि रक्तात कवच असले, तर धोका गंभीर समजतात.

स्टिरॉइडांविषयी थोडे अधिक बोलावेसे वाटते. डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी ‘बरे वाटते’ म्हणून औषधाच्या दुकानातून जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर आणणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचेही अनेकदा आढळले आहे. अशा माणसाला विचारले तर तो ‘मी कसलेच इंग्रजी औषध घेत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगेल. दबलेल्या प्रतिकारशक्तीचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रूपाने पाहिले. कोविडसाठी दिलेली स्टिरॉइडे आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांच्या जोडीने हवेतली साधी बुरशी माणसांचे डोळे घेऊन गेली. ती बुरशी दिसली तरी. यकृतातला विषाणू दिसत नाही.

सी विषाणूचे वर्तन थोडे वेगळे आहे. १९८९ मध्ये तो ओळखला गेला; त्यासाठी आल्टर, हाऊटन आणि राईस यांना २०२० साली नोबेल मिळाले. आल्टर म्हणजे वर उल्लेखिलेले तेच. प्रतिकारशक्ती दुबळी असली की सी शांत बसतो असे नाही. एचआयव्हीबाधितांत तो यकृत अधिक लवकर आकसवितो, आणि यकृतरोपणानंतर नव्या यकृतालाही बाधा करतो. तेव्हा वर दिलेले आगीचे रूपक सगळीकडे लावू नये. सुदैवाने सी वर आता खात्रीचे औषध आहे. २०१३ नंतर आलेल्या गोळ्यांनी बहुधा बारा आठवड्यांत शंभरांतले पंच्याण्णवांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात, आणि रोपण झालेल्यांत किंवा एचआयव्ही असलेल्यांतही जवळजवळ तसेच यश येते. येथेही एक मेख आहेच. ज्यांच्या शरीरात बी आणि सी दोन्ही असतात, त्यांच्यात सी बहुधा बी ला दाबून ठेवतो. गोळ्यांनी सी गेला की बी उसळतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दलही इशारा दिला. म्हणून सी वर उपचार सुरू करण्यापूर्वीसुद्धा बी ची तपासणी करतात.

एचआयव्हीच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट अशी की, आपल्या देशात एआरटी केंद्रांवर दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळीतील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधे बी विषाणूवरही चालतात. एका गोळीत दोन कामे होतात. मात्र कंटाळून ती मध्येच सोडली तर यकृताची सूज उसळू शकते.

आता पाण्यातून येणाऱ्या विषाणूंकडे वळू. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रिया त्यात विशेषेकरून दगावल्या. त्या वेळी ही ए ची साथ समजली गेली. पुढे १९८० च्या सुमारास जपून ठेवलेले नमुने तपासले तेव्हा तो ए नव्हता असे ठरले. १९८० च्या दशकाच्या आरंभी कोल्हापूर शहरात आलेली पाण्याची साथही याच जातीची, आणि तिचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केला. हाच ई विषाणू. आपल्याकडील त्याचा प्रकार माणसांत राहतो, पाण्यातून पसरतो आणि काही आठवड्यांत जातो. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत मात्र तो शंभरांतल्या वीस-पंचवीस स्त्रियांचा बळी घेऊ शकतो. गर्भारपण म्हणजे सरसकट दुबळी प्रतिकारशक्ती असे नाही. गर्भाला परका न मानण्यासाठी शरीर आपला पहारा बदलते, आणि ई नेमका त्या बदलातून का शिरतो, हे कोडे अजून पुरते उलगडलेले नाही.

ई कधीच शरीरात कायम राहात नाही, असे वैद्यकाची पुस्तके कित्येक वर्षे सांगत होती. २००८ मध्ये फ्रान्समधील तूलूझ येथील डॉक्टरांनी अवयवरोपण झालेल्या १४ बाधित रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८ जणांत तो ठाण मांडून बसला होता. तो युरोपातील प्रकार होता, अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून येणारा. आपल्याकडील पाण्याच्या प्रकाराने असे सहसा होत नाही. या रोग्यांत आणखी एक अडचण असते. दुबळ्या शरीरात प्रतिपिंडेच तयार होत नाहीत, त्यामुळे प्रतिपिंडे शोधणारी नेहमीची तपासणी ‘नाही’ म्हणून येते. विषाणूचे आनुवंशिक द्रव्यच शोधावे लागते. उपाय म्हणजे शक्य तेवढे प्रतिकारदमन कमी करणे आणि भागले नाही तर रिबाविरिन.

ए आणि ई आपणहून जातात, यावरच आपल्याकडील सगळे गावठी उपचार उभे आहेत. गळ्यात काविळीची माळ घालतात आणि ती लांब होत गेली की रोग उतरला म्हणतात. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळे झालेले दाखवितात. नाकात देवडांगरीचा रस पिळतात. धडधाकट माणूस महिन्याभरात बरा होतो आणि श्रेय माळेला जाते. धडधाकट माणसाच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही, असे म्हणता येईल. नाकातला रस मात्र कोणीच घेऊ नये. पण जो कर्करोगाची औषधे घेतो आहे किंवा ज्याचे मूत्रपिंड बदललेले आहे, त्याचा माळेमुळे वाया गेलेला आठवडा परत मिळत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या’ काढ्यांचेही तसेच. रोपण झालेल्या माणसाने प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या मागे लागणे म्हणजे डॉक्टर एका हाताने जे दाबतो आहे ते दुसऱ्या हाताने उचलण्याचा प्रयत्न होय.

राहता राहिली लस. बी वरील पहिली लस १९८१ मध्ये आली आणि १९८६ पासून ती यीस्टच्या पेशींत तयार होऊ लागली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २००२-०३ पासून काही शहरांत व जिल्ह्यांत, पुढे काही राज्यांत आणि २०११-१२ च्या सुमारास देशभर देण्यात येऊ लागली. म्हणजे आपल्या प्राध्यापकांना ती लहानपणी मिळालेली नाही, हे नक्की. आपल्यापैकी काहींना मिळाली असेल, काहींना नसेल. घरात जुने लसीकरणाचे कार्ड असले तर काढून पाहावे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली ठरावीक सरकारी रुग्णालयांत बी आणि सी यांची तपासणी व औषधे मोफत मिळतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

या लशीत जिवंत विषाणू नसतो, म्हणून प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यालाही ती निर्धोकपणे देता येते. ए वरील लस मात्र आपल्या बाजारात दोन प्रकारची मिळते, एक मृत विषाणूची आणि एक जिवंत पण दुबळा केलेल्या विषाणूची. अशा रोग्यांनी पहिलीच घ्यावी. खरी अडचण निर्धोकपणाची नाही, उपयोगाची आहे. लस म्हणजे प्रतिकारशक्तीला दिलेला धडा. शिकणाराच आजारी असेल तर धडा लक्षात राहात नाही. निरोगी माणसाला ० , १ आणि ६ महिन्यांनी असे तीन डोस पुरतात. डायलिसिसच्या रोग्याला दुप्पट मात्रा आणि ०, १, २, ६ असे चार डोस देतात, आणि तरीही काहींच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. म्हणून शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजतात. आकडा दहाच्या वर गेला तर संरक्षण मिळाले, असे समजतात. निरोगी माणसाला पुन्हा मोजण्याची गरज नसते. डायलिसिसच्या रोग्यात दरवर्षी मोजतात आणि दहाच्या खाली उतरला तर आणखी एक डोस देतात, कारण हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो आणि डायलिसिसच्या खोलीत रक्ताचा संबंध आठवड्यातून दोन-तीन वेळा येतोच. मूत्रपिंडे पुरती निकामी होण्यापूर्वी, किंवा संधिवाताचे जोरदार औषध सुरू होण्यापूर्वी लस घेतली, तर तोच डोस पुष्कळ चांगला लागू पडतो. घरात कोणाला अशी औषधे सुरू व्हावयाची असली, तर पहिल्या मात्रेची तारीख ठरण्याआधी डॉक्टरांना या दोन तपासण्यांविषयी आणि लशीविषयी विचारावे.